उपवासाच्या दिवशी वास येत नव्हता

पोटातल्या वायूच्या वासाविषयी चार माणसांत बोलता येत नाही, आणि मी तर ते डॉक्टरांशीही बोलले नाही. त्यामुळे माझ्या सिलिअ‍ॅक या आतड्याच्या आजाराचे निदान किमान तीन वर्षे लांबले असावे. तपासणीच्या खोलीत बसल्यावर मी थकवा सांगितला, पोटफुगी सांगितली, केस गळतात हेही सांगितले. पण दुपारच्या जेवणानंतर दोन-तीन तासांनी जो वारा सरतो त्याला सडलेल्या अंड्यासारखी घाण येते, एवढे एक वाक्य माझ्या तोंडून कधी निघाले नाही. मी बँकेत अधिकारी आहे. शाखेत वातानुकूलन असल्यामुळे माझ्या केबिनचे दार आणि खिडकी दिवसभर बंद असतात, आणि कर्जाच्या कागदांवर सह्या करायला कोणी समोर येऊन बसले की मी फाइल आणण्याचे निमित्त काढून बाहेर पडत असे. शिपायाला याचे नवल वाटे, कारण फायली आणणे हे त्याचे काम होते.

माझे माहेर सोलापूरचे. आमच्याकडे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी असे आणि पोळी सणावाराला किंवा पाहुणे आले तरच. लग्नानंतर मी इंदूरला आले. सासरची माणसे मराठीच, पण तीन पिढ्या माळव्यात काढलेली, त्यामुळे सकाळी पोह्यांबरोबर जिलेबी, दुपारी डब्यात पोळी, रात्री पुन्हा पोळी आणि रविवारी दाल-बाफले असा गव्हाचा अखंड क्रम होता. सुट्टीत सोलापूरला गेले की आठ-दहा दिवसांत माझे पोट ताळ्यावर येई आणि इंदूरला परतले की पुन्हा फुगू लागे. आईच्या मते मला इंदूरचे पाणी बाधत होते. सासूबाईंच्या मते माहेरी कामाचा ताण नसतो म्हणून सगळे पचते. दोघींपैकी कोणीही ताटाकडे पाहिले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही पाहिले नाही.

पहिल्या डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी आतड्यांचा स्वभावच चिडखोर आहे, मनावर घेऊ नका, असे सांगितले. माझे हिमोग्लोबिन ८.४ होते, सात महिने लोहाच्या गोळ्या घेऊन ते ८.९ वर पोहोचले, आणि मी गोळ्या नियमित घेत नसणार असा निष्कर्ष निघाला. याच काळात पचायला हलका म्हणून रात्री गव्हाचा दलिया खाण्याचा सल्ला मला मिळाला आणि तो मी तीन महिने निष्ठेने पाळला. सासूबाई मात्र हाताने उपाय करणाऱ्या. त्यांनी जेवणाच्या पहिल्या घासाला तुपात कालवून हिंगाष्टक द्यायला सुरुवात केली, आमटीतला हिंग दुप्पट केला आणि ताकातही चिमूटभर घालू लागल्या. या हिंगाकडे मला पुढे परत यायचे आहे.

शेवटी मी माझ्या धंद्याला शोभेल असेच केले: हिशेबाची वही घातली. चार रकाने आखले: काय खाल्ले, किती वाजता, वारा किती वेळा सरला, आणि वासाला शून्य ते तीन असे गुण. आठ आठवडे मी ही वही पर्समध्ये ठेवली आणि ती कोणाच्या हाती लागू नये म्हणून पहिल्या पानावर ‘धोबी’ असे लिहिले. दिवसाकाठी सव्वीस-सत्तावीस वेळा असा आकडा निघत होता. निरोगी माणसाला साधारण दहा वेळा, आणि वीसपर्यंत होणेही स्वाभाविक मानतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. मला वाटत होते की सभ्य माणसांना ते होतच नाही.

दोन महिन्यांच्या नोंदी एकाखाली एक पाहिल्यावर वासाच्या रकान्यात मोजक्या ठिकाणी शून्य दिसले, आणि तारखा पंचांगाशी ताडून पाहिल्या तर ते सगळे उपवासाचे दिवस निघाले. एकादशीला सकाळी आदल्या दिवसाचे काही शिल्लक असे, पण दुपारनंतर शून्य. संकष्टीला तर आणखी स्पष्ट: दिवसभर पोट शांत, चंद्रोदयानंतर पोळी-भाजी जेवून उपवास सोडला की दुसऱ्या दिवशी सकाळी वासाला तीन गुण. उपवासाला मी खात काय होते, तर शेंगदाण्याचा कूट घातलेली तेलकट साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची वडी. याला पथ्याचे जेवण कोणी म्हणणार नाही. मग उपवासाच्या ताटात जे असते त्यापेक्षा जे नसते त्याचा विचार मी करू लागले आणि पहिल्याच दमात गव्हाशी येऊन थांबले.

दुसऱ्या दिवसापासून मी पोळी बंद केली. ही माझी चूक होती. तीन आठवड्यांनी, बरेच बरे वाटू लागल्यावर, मी पोटविकारतज्ज्ञांकडे गेले आणि या वेळी बोलण्याऐवजी वहीच त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती न हसता, पानन् पान उलटून वाचली. मग म्हणाले, “मॅडम, उपवासाला गहू नसतो हे खरे, पण कांदा नसतो, लसूण नसतो, तूर-हरभऱ्याची डाळ नसते, फ्लॉवर नसतो. वास यांपैकी कशाने गेला ते या वहीवरून मी सांगू शकत नाही.” मी थोडी हिरमुसले, पण त्यांचे म्हणणे बिनतोड होते. त्यांनी नंतर मला जे समजावले, आणि पुढे मी स्वतः वाचून ज्यात भर घातली, ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण वायू आणि वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळल्याशिवाय पुढचे काही कळत नाही.

आतड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूत नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, थोडा ऑक्सिजन आणि काहींच्या बाबतीत मिथेन असतो. या पाचांपैकी एकालाही वास नाही, आणि एकूण वायूचा नव्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग यांचाच असतो. उरलेल्या एका टक्क्याहूनही कमी भागात गंधकाची संयुगे असतात, आणि सगळी बदनामी त्यांच्यामुळे होते. अमेरिकेत मिनियापोलिस इथे मायकेल लेव्हिट या डॉक्टरांनी या विषयावर आयुष्यभर काम केले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात सोळा निरोगी माणसांना घेवड्याच्या जातीचे दाणे खायला घालून त्यांचा वायू गोळा करण्यात आला आणि दोन परीक्षकांनी तो प्रत्यक्ष हुंगून त्याला गुण दिले. वासाची तीव्रता प्रामुख्याने हायड्रोजन सल्फाइडच्या प्रमाणानुसार बदलते असे त्यात आढळले. म्हणजे माझ्या ‘धोबी’ वहीतल्या चौथ्या रकान्याला थोर पूर्वपरंपरा होती, हे वाचून मला फार बरे वाटले.

वायूचे प्रमाण ठरते ते लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यात किती पिष्ट आणि साखर पोहोचते यावर, कारण तिथले जिवाणू तिला आंबवतात. डाळी-कडधान्यांत ज्या साखरा असतात त्या फोडणारे विकर माणसाच्या आतड्यात नसतेच, म्हणून राजमा आणि वाल सगळ्यांनाच वातूळ. कांदा, लसूण आणि गव्हात फ्रुक्टान नावाची कर्बोदके असतात, तीही आपल्याला पचत नाहीत. याच लेव्हिट यांच्या गटाने १९८१ साली दाखवले होते की अगदी निरोगी माणसातही मैद्याच्या पावातले काही पिष्ट न शोषले जाता पुढे सरकते, आणि तांदळाच्या पिठाचे मात्र जवळजवळ सगळे शोषले जाते. म्हणून पोळी सोडून भातावर आलेल्या कोणालाही पोट हलके वाटू शकते. त्यावरून त्याला सिलिअ‍ॅक आहे असे ठरत नाही.

सिलिअ‍ॅकमध्ये बिघाड निराळा असतो. गहू, जव आणि राय या धान्यांतले ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते आणि त्यावरचे मखमलीच्या लवेसारखे उंचवटे झिजून सपाट होतात. शोषून घेणारा पृष्ठभागच आक्रसल्यामुळे लोह, कॅल्शियम, स्निग्ध पदार्थ, साखर आणि प्रथिने यांचा काही भाग तसाच पुढे जातो. साखर गेली की वायू वाढतो. प्रथिने गेली की त्यांतल्या गंधक असलेल्या अमिनो आम्लांपासून जिवाणू तो सडक्या अंड्याचा वायू तयार करतात. माझे हिमोग्लोबिन आणि माझी केबिन या दोहोंचे दुखणे एकाच जागी होते. मी मात्र एकासाठी गोळ्या घेत होते आणि दुसऱ्यासाठी खणात सुगंधी फवारा ठेवत होते.

डॉक्टरांनी युद्धकाळातली एक गोष्टही सांगितली. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला या आजारात गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला तेव्हा इतर मुले वाळत असताना ही आजारी मुले सुधारू लागली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली, तेव्हा तो संशय बळावला. माझ्या संकष्टीच्या नोंदीचे मोल त्यांनी या गोष्टीने वाढवले आणि लगेच पुढच्या वाक्याने मला जमिनीवर आणले: आता सहा आठवडे रोज दोन पोळ्या खायच्या. ग्लूटेन बंद केले की रक्तातली प्रतिपिंडे उतरू लागतात, आतडे भरून येऊ लागते आणि तपासण्या खोट्याच ‘ठीक’ येऊ शकतात. म्हणून तपासणी होईपर्यंत गहू सोडायचा नसतो.

ते सहा आठवडे मी विसरणार नाही. तीन आठवड्यांच्या सुखानंतर पोट पहिल्यापेक्षा जास्त बिघडले. शौच चिकट, फिकट आणि पाण्यावर तरंगणारे होऊ लागले. ते चरबीमुळे तरंगते असा समज आहे, पण तरंगण्याचे मुख्य कारण त्यात अडकलेला वायू असतो, हे मागाहून कळले. मार्च अखेरची धांदल, लेखापरीक्षक शाखेत ठाण मांडून, आणि मी डब्यातल्या दोन पोळ्या औषधासारख्या गिळते आहे. नवऱ्याने एकदा ती वही मागून घेतली आणि एक दिवस त्याने स्वतःच्या हाताने ‘३’ लिहिले. आमच्या घरात या विषयावर झालेला तो पहिला मोकळा संवाद.

या आजाराची प्रतिपिंडे मोजणारी रक्ताची टीटीजी-आयजीए ही तपासणी आणि तिच्या जोडीला आयजीए या प्रकारची प्रतिपिंडे शरीरात एकूण किती आहेत ती, अशा दोन चाचण्या झाल्या. दुसरी कशाला, असे मी विचारले. ज्यांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असते त्यांची पहिली चाचणी फसवी येते, असे उत्तर मिळाले. प्रयोगशाळेची मर्यादा २० होती आणि माझा आकडा ‘२०० हून अधिक’ असा छापून आला. त्यानंतर दुर्बिणीची तपासणी. रात्रीपासून उपाशी, घशात कडवट बधिर करणारा फवारा, डाव्या कुशीवर झोपवलेले, दातांमध्ये प्लास्टिकची कडी. गुदमरल्यासारखे वाटले, पण सात-आठ मिनिटांत संपले. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून सहा बारीक तुकडे घेतले. ते घेताना काहीच दुखत नाही. अहवालात ‘मार्श ३ बी’ असे होते, म्हणजे आतड्यावरची लव बरीच झिजलेली. सोलापुरात जन्मलेल्या मला हे इंदुरात कसे जडले, असे मी विचारले. याची जनुके आपल्याकडे पुष्कळांत असतात, तुमच्यातही जन्मापासून असणार, आजार कोणत्या वयात डोके वर काढील याचा नेम नसतो, असे डॉक्टर म्हणाले. भारतात गहू खाणाऱ्या उत्तरेत हा आजार भात खाणाऱ्या दक्षिणेपेक्षा बराच अधिक आढळतो, उत्तरेत शंभरात एकाच्या आसपास, अशीही पुस्ती त्यांनी जोडली.

उपचार एकच: जन्मभर ग्लूटेन वर्ज्य. मला वाटले, मला काय अवघड, मी तर भाकरीवर वाढलेली. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी भावाने पोत्याने पाठवली आणि मी ती कोपऱ्यावरच्या चक्कीवर दळायला टाकली. पंधरा दिवसांनी दळण आणायला मी स्वतः गेले तेव्हा पाहिले, की माझ्या आधी कोणाचे तरी दहा किलो गहू दळून झाले होते, जात्याच्या तोंडाशी कणकेचा थर होता आणि माझ्या डब्यातले वरचे चार मुठी पीठ उघड उघड गव्हाळ होते. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकायच्या पदार्थात आपल्याकडच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. माझ्या भाकरीत किती असेल याचा अंदाज करवेना. त्या महिन्याच्या पगारातून घरघंटी आली. तिच्यात गहू टाकायचा नाही, हे सासूबाईंनी खडूने तिच्या झाकणावर लिहिले.

माझ्याच स्वयंपाकघरातल्या डब्यांची झडती घेताना मात्र मी थक्क झाले. थालीपिठाच्या भाजणीत गहू. मेतकुटात गहू. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच. आणि मग हिंगाची पिवळी डबी. तिच्यावरची बारीक अक्षरे मी भिंग घेऊन वाचली: गव्हाचे पीठ, डिंक, आणि त्यानंतर हिंग. शुद्ध हिंग इतका उग्र की तो पीठ आणि डिंक मिसळूनच विकतात. काही जण त्यासाठी तांदळाचे पीठ वापरतात, बरेच जण मैदा. वाऱ्यावर उतारा म्हणून ज्याची मात्रा आमच्या घरात दुप्पट झाली होती तो हिंग मी रोज आमटीतून, ताकातून आणि तुपातल्या पहिल्या घासातून खात होते. माझा वास हिंगातल्या चिमूटभर पिठानेच येत होता असे मी म्हणणार नाही, कारण तेवढ्याने वायूत फरक पडावा हे पटण्याजोगे नाही. पण सहा महिन्यांनी रक्ताचा आकडा ६४ वर अडकला होता, आणि हिंगाची डबी बदलल्यानंतर दीड वर्षाच्या तपासणीत तो १४ झाला. चक्की आणि हिंग यांत कोणाचा वाटा किती, हे मला वेगळे करता येत नाही.

सासूबाईंना या शोधाने जे दुःख झाले त्याला माझ्याकडे शब्द नव्हते. “अगं, मीच तुला खाऊ घालत होते,” एवढेच त्या म्हणाल्या आणि दोन दिवस फोडणीला हिंगच घातला नाही. पुढे सत्यनारायणाच्या प्रसादाचा प्रश्न त्यांनीच सोडवला. रव्याचा शिरा सगळ्यांना, आणि माझ्यासाठी त्याच प्रमाणात, त्याच केळ्या-तुपाचा राजगिऱ्याच्या पिठाचा वेगळ्या कढईत. नैवेद्य दोन्हींचा दाखवायचा. शेजाऱ्यांकडचा प्रसाद हातात घेऊन कपाळाला लावायचा आणि नवऱ्याच्या हातावर ठेवायचा.

वासाचे म्हणाल तर तो पहिल्या पाच-सहा आठवड्यांत तीनवरून एकवर आला. वायू मात्र हटेना. उलट तिसऱ्या महिन्यात वाढलाच. याला दोन कारणे निघाली. पोळीची जागा मी बेसनाच्या धिरड्यांनी, मुगाच्या डोशांनी आणि राजम्याने भरली होती, म्हणजे एक वातूळ काढून तीन आणले होते. दुसरे कारण दूध. दुधातली साखर पचवणारे विकर आतड्याच्या त्या लवेच्या टोकांवरच असते. टोकेच झिजलेली, तेव्हा दूध पचणार कुठून? डॉक्टरांनी तीन महिने दूध बंद केले, थोडे दही चालवले, आणि लव जसजशी उगवेल तसे दूधही पचू लागेल असे सांगितले. तसेच झाले. आठव्या महिन्यात मी अर्धा कप चहा दुधाचा घेतला आणि वहीत शून्य लिहिले. कडधान्ये आता रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून देऊन शिजवते. त्याने फरक पडतो, पूर्ण सुटका होत नाही.

आता दिवसाला दहा-बारा असा आकडा असतो. फ्लॉवर किंवा अंडी खाल्ली तर दुसऱ्या दिवशी वासाला एक गुण, लसणाची चटणी भाकरीबरोबर जास्त झाली तर क्वचित दोन. हिमोग्लोबिन त्याच लोहाच्या गोळ्यांवर पाच महिन्यांत १२ झाले.

आई-वडील, भावंडे आणि मुले यांनी तपासून घ्यावे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. माझ्या मुलाची चाचणी ठीक आली. काही वर्षांनी पुन्हा करायची आहे. आईचीही ठीक आली. भाऊ मात्र टाळत राहिला. सोलापुरातही आता भाकरी मागे पडून दोन्ही वेळा पोळी आली आहे, पण त्याचे पोट म्हणे दगड पचवणारे होते. गेल्या श्रावणात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर आवाज खाली आणून त्याने विचारले, “अक्का, तुला तो जो वास यायचा, तो अंड्यासारखा होता का गं?”

मी म्हटले, “हो. आणि ऐक, उद्यापासून लगेच पोळी बंद करू नकोस. आधी रक्त दे.”